तळ्याकाठी दोन रात्रींचा मुक्काम

खरिपाचे धान्य घरात येऊन पडले आणि रब्बीची पेरणी उरकून ज्वारी गुडघाभर झाली, म्हणजे शेतकऱ्याच्या वर्षात आठपंधरा दिवसांची एक फट पडते. राखण आणि पाणी पाळ्या सुटत नाहीत हे खरे. तथापि नांगर, कुळव, तिफण ही सारी आउते भिंतीला टेकलेली असतात आणि बैलही दावणीला स्वस्थ रवंथ करीत असतात. शहरातील मंडळी अशा दिवसांत हवापालटास निघतात. आपल्यापैकी बहुतेकांची समजूत अशी की, हवापालट हा नोकरदारांचा शौक. आपण तर बारा महिने हवेतच असतो, आपल्याला पालट कशाचा? ही समजूत आम्हांस पुरी पटत नाही. रोज त्याच बांधावर उभा राहणारा मनुष्य आपल्या तालुक्यातील तळीसुद्धा निवांतपणे पाहत नाही. आणि घरातील स्त्रियांच्या वाट्यास तर यात्रा सोडली तर मुक्काम असा येतच नाही.

सबब तुळजापूरच्या परिसरातील शेतकरी कुटुंबाने स्वतःच्या साधनांनी, बेताच्या खर्चात आणि जिवास धोका न लावता, एखाद्या तळ्याकाठी दोन रात्री कशा काढाव्यात, याचा विचार आम्ही येथे मांडणार आहोत. आम्ही हा मुक्काम दोनदा केला. पहिला फसला, आणि तो अशा रीतीने फसला की आजही आठवण झाली म्हणजे अंगावर काटा येतो. दुसरा साधला. दोहोंतील अंतर केवळ आखणीचे होते, म्हणून हा लेख.

मुक्काम ही आपली जुनीच विद्या

चाकांवर घर घेऊन हिंडणे ही कल्पना हल्ली नवी म्हणून सांगितली जाते. इंग्लंडात डॉ. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या आरमारी वैद्याने १८८५ साली ब्रिस्टॉलच्या एका कारखान्यात दोन घोड्यांनी ओढावयाची घरवजा गाडी बांधवून घेतली आणि तीत बसून देशभर सहल केली. केवळ मौजेसाठी बांधलेली ती पहिली गाडी समजतात. पुढे १९०७ साली अशा हौशी लोकांचा तेथे एक संघही निघाला. आता मोटारीवर घर बांधून फिरणाऱ्यांसाठी महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली एक धोरण आखले आहे.

परंतु आपल्याकडे पाहिले तर लमाणांचे तांडे शेकडो बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून दख्खनभर फिरत असत, आणि कोणत्या पाण्यावर किती दिवस उतरावयाचे याचे त्यांचे गणित पक्के असे. धनगराचा वाडा आजही दिवाळीनंतर शेतोशेती बसतो. आई भवानीच्या दर्शनास येणाऱ्या छपराच्या गाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना चाकांवरचे घर म्हणजे काय हे समजावून सांगावयास नको: खाली कडब्याचा थर, त्यावर वाकळा, वर तट्ट्याचे छप्पर, मागे टांगलेला कंदील आणि आखाखाली बांधलेले कुत्रे. फार कशाला, आपल्याकडे देवसुद्धा मुक्काम हलवितात. अणदूरचा खंडोबा दरवर्षी काही काळ नळदुर्गास बोरीकाठी मैलारपुरात येऊन राहतो, व पौष पौर्णिमेस तेथे मोठी यात्रा भरते.

आणि वेळ अमावस्या? मार्गशीर्षातल्या त्या दिवशी धाराशिव, लातूर व सोलापूर या भागांतील सारी गावे ओस पडतात आणि शिवारे माणसांनी भरतात. कडब्याच्या पेंढ्यांची खोप करून पूजा होते. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, खीर यांची पंगत शेतातच बसते. त्या एका दिवसास पुढे दोन रात्री जोडाव्या, इतकेच आमचे म्हणणे आहे.

पहिली फेरी

आमच्या शिवारापासून बैलगाडीने अडीच तासांवर एक पाझर तलाव आहे. १९७२ च्या दुष्काळात त्याचा बांध पडला. आमच्या मातोश्री तेव्हा नुकत्या लग्न होऊन आलेल्या. त्यांनी त्या बांधावर चार महिने मातीच्या पाट्या वाहिल्या, आणि कामावर मिळणारी सुकडी व घरी मिलोची तांबडी भाकरी खाऊन ते वर्ष काढले. त्यानंतर तलाव भरला, आटला, पुन्हा भरला. पण मातोश्री तेथे पुन्हा कधी गेल्या नाहीत. “आम्ही माती टाकली त्याचं पाणी कसं दिसतं ते एकदा निवांत बघावं,” असे त्या अधूनमधून म्हणत. सात-आठ वर्षांमागे ऑक्टोबरात आम्ही मनात आणले आणि दुसऱ्याच दिवशी निघालो. आखणी म्हणून काही केली नाही. आपलाच तलाव, आपलेच शिवार, त्यात आखावयाचे काय, असा विचार केला.

पाण्याच्या अगदी कडेला सपाट जागा दिसली, तेथे गाडी सोडली. दुपारी मुले पाण्यात उतरली. काठापासून दहा पावलांपर्यंत पाणी त्यांच्या मांडीइतके होते. अकराव्या पावलाला आमच्या पुतण्याचा नऊ वर्षांचा मुलगा दिसेनासा झाला.

जवळच जाळे सोडविण्यात गुंतलेले भोई समाजाचे एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांनी धावत येऊन काठीला धोतर बांधून टाकले, स्वतः कमरेइतक्या पाण्याच्या पुढे गेले नाहीत, आणि मुलगा वर येताच त्याने धोतर धरल्यावर त्याला ओढून घेतले. मुलगा वाचला. आम्ही थरथरत त्यांचे पाय धरावयास गेलो, तेव्हा ते म्हणाले, “दादा, पाणी वरून सारखंच दिसतं. खालचं ज्यानं खणलं त्यालाच ठाऊक.”

ते खालचे कोणी खणले होते? आम्हीच. त्याच उन्हाळ्यात तलाव कोरडा असता गावाने यंत्र लावून गाळ काढला होता, आणि त्यांपैकी कित्येक ट्रॉल्या आमच्या स्वतःच्या माळावर पडल्या होत्या. गाळ नेताना कडा उभ्या ठेवून आम्ही निघून आलो होतो. पावसाने तो खड्डा भरला आणि आमच्याच नातवाची वाट पाहत राहिला. त्या रात्री मुक्काम न करताच आम्ही परतलो. मातोश्री वाटेत काही बोलल्या नाहीत.

२०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेखाली ठिकठिकाणी गाळ निघत आहे, आणि जमिनीस तो उपकारक आहे यात शंका नाही. पण ज्यांनी ज्यांनी गाळ नेला, त्यांनी खड्ड्याच्या कडा उतरत्या करूनच यंत्र परत धाडावे, हे आम्ही या लेखातील इतर कोणत्याही सूचनेपेक्षा अधिक आग्रहाने सांगतो. तळ्याकाठी मुक्काम करणार नसलात तरी हे करा. तेथे पोहावयास येणारी मुले आपल्याच गावची असतात.

काळ कोणता धरावा

आश्विनात तर मुळीच निघू नये. नवरात्रापासून कोजागरीपर्यंत सोलापूर-तुळजापूर रस्ता पायी चालणाऱ्या भक्तांनी भरून जातो. शिवाय परतीचा पाऊस केव्हा गाठील याचा नेम नसतो. मार्गशीर्ष व पौष हे दोन महिने उत्तम. तळ्यात पाणी असते, चिखल काठावर आवळून आलेला असतो, रानातील वाटा वाळलेल्या असतात, आणि हुरडा तयार होऊ लागतो. गूळभेंडीसारखी हुरड्याची ज्वारी दोन-चार ओळी मुद्दाम लावली असेल तर मुक्कामाची निम्मी मेजवानी तेथेच झाली. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडीने तयार झालेली मालदांडी ३५-१ भाकरीला व कडब्याला श्रेष्ठ असली, तरी हुरड्याला गूळभेंडीची सर तिला येत नाही.

तिथीचाही विचार करावा. वेळ अमावस्येस जोडून गेल्यास रात्री अंधाऱ्या मिळतात व आकाश उघडे मिळते. ज्या मृगाच्या नावाने आपण जूनमध्ये ढगांकडे डोळे लावतो, ते नक्षत्र डिसेंबरात रात्रीचे जेवण होईतो पूर्वेस चढून येते. त्याच्या मागून व्याध. मुलांस ते दाखवावे. वृद्ध माणसे बरोबर असतील आणि रात्री उठबस पुष्कळ असेल, तर शुक्ल पक्षातील दशमीनंतरचे दिवस धरावेत. थंडी मात्र पौषात कडक पडते हे ध्यानी ठेवून पांघरुणे घ्यावीत.

जागा

आपल्या भागात निवडीस पुष्कळ वाव आहे. तुळजापुराहून सुमारे ३५ किलोमीटरवर नळदुर्ग. तेथे बोरी नदीवर नव्या काळचे धरण आहे आणि खाली किल्ल्यात इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या कारकिर्दीत, १६१३ च्या सुमारास, बांधलेला जुना बंधारा व त्याच्या पोटातील पाणीमहाल आहे. बंधाऱ्यावरून पाणी पडू लागले की नर व मादी असे दोन धबधबे दिसतात. पण ते पावसाळ्याचे दृश्य. हिवाळ्यात किल्ला पाहण्यास शांत मिळतो. १८५३ साली नळदुर्ग जिल्हा इंग्रजांकडे गेल्यावर त्याचा कारभार पाहणारा मेडोज टेलर याच किल्ल्यात राहत असे, आणि त्याच्या १८६३ सालच्या ‘तारा’ या कादंबरीचा आरंभ आपल्या तुळजापुरातच होतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते. दुसरे ठिकाण सोलापूरच्या अलीकडचे हिप्परगा तळे, म्हणजेच १८७१ साली पुरे झालेला एकरूख तलाव. हिवाळ्यात तेथे परदेशी पाखरे उतरतात. पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून येतात. तिसरे आणि आमच्या मते पहिल्या मुक्कामास सर्वांत योग्य, म्हणजे स्वतःच्या तालुक्यातील एखादा पाझर किंवा साठवण तलाव, जेथील माणसे ओळखीची आहेत.

धरण कोणाच्या ताब्यात आहे व काठावर रात्री राहण्यास हरकत आहे काय, याची आधी चौकशी करावी. मोठ्या जलाशयांवर पाटबंधारे खात्याचे नियम असतात. खाजगी शेतात उतरावयाचे तर मालकास विचारून, आणि तेही गाडी सोडल्यावर नव्हे तर घरून निघण्यापूर्वी.

मुक्कामाची नेमकी जागा निवडताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. सांडव्याचा माथा जेवढा उंच, तेवढ्या उंचीपर्यंत पाणी येऊ शकते. काठावर वाळका काडीकचरा व बेशरमीची रांग जेथे लागलेली असते ती पाण्याची जुनी खूण. तिच्या वर निदान दोन पुरुष उंचीवर उतरावे. बांधाच्या पायथ्याशी अथवा सांडव्याच्या ओघळीत कदापि उतरू नये.

२. हिवाळ्यात आपल्याकडे वारा बहुधा पूर्वेकडून वाहतो. तळ्याच्या पश्चिम काठी बसल्यास पाण्यावरून आलेला गार वारा रात्रभर अंगावर येतो. पूर्व काठ, किंवा टेकाडाची आड, बरी.

३. सावलीसाठी झाड पाहावे, पण वर नजर टाकल्यावाचून त्याखाली चूल मांडू नये. आग्यामोहोळ असलेल्या झाडाखाली धूर केला तर माणसे व बैल दोघांचेही प्राण संकटात पडतात. वाळलेल्या फांद्यांचे जुने झाडही टाळावे.

४. पाणी ओसरलेल्या जागी वरून भेगाळलेला व कठीण दिसणारा गाळ आत लोण्यासारखा मऊ असतो. त्यावर बैल घालू नये. वेळूच्या काठीने आधी टोचून पाहावे.

वाहन व बैल

रिकाम्या गाडीचे व भरल्या गाडीचे बैल सारखे चालत नाहीत. कुटुंब व सामान मिळून गाडी असेल तर तासाला तीन ते चार किलोमीटर आणि दिवसाला पंधरा-सोळा किलोमीटर, यापेक्षा अधिकाची आशा करू नये. त्या हिशोबाने नळदुर्ग हा दोन दिवसांचा रस्ता होतो, आणि पुणे-हैदराबाद महामार्गावर आजच्या वाहतुकीत बैलगाडी घालणे शहाणपणाचे नाही. म्हणून आमचा नियम असा: बैलगाडी फक्त दहाबारा किलोमीटरच्या आतल्या व गाडीवाटेने जाता येईल अशा तळ्यासाठी; त्याहून दूर जावयाचे तर प्रवासी परवान्याचे वाहन भाड्याने करावे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत माणसे बसविण्याची चाल पडली आहे, ती सोडावी. ट्रॉली कायद्याने मालासाठी आहे, आणि उलटली म्हणजे तीत बसलेल्यांस काही आधार राहत नाही.

निघण्यापूर्वी आठ दिवस बैलांचे नाल पाहून घ्यावेत, आखास वंगण घालावे, धाव ढिली असल्यास बसवून घ्यावी, जू व जोते तपासावे. गाडीच्या मागे तांबड्या चकचकीत पट्ट्या चिकटवाव्या. कंदिलावर विसंबू नये. दर बैलास दिवसाला आठ ते दहा किलो कडबा व वर मूठभर पेंड धरून तीन दिवसांचा चारा घ्यावा. पाणी तळ्याचे चालेल, परंतु बैल मुरमाड उतारावरूनच पाण्यावर न्यावा.

घरी राहिलेल्या दुभत्या जनावरांची सोय हा खरा अडथळा. याचा उपाय आम्हांस असा सापडला की, दोन शेजारी घरांनी पाळीपाळीने जावे: एका अमावस्येस आम्ही, पुढील पौर्णिमेस ते, आणि एकमेकांच्या गोठ्याची धार व वैरण सांभाळावी.

सामान

मोठी पाच व मुले तीन अशा आठ जणांच्या दोन रात्रींस आम्हांस पुढील शिधा पुरला: ज्वारीचे पीठ ८ किलो, तांदूळ ३ किलो, तूरडाळ दीड किलो, गूळ १ किलो, शेंगदाणे २ किलो, तेल १ किलो, याखेरीज कांदे, वांगी, मिरचीचा ठेचा, लसूण, मीठ, हळद व चहाचे साहित्य. यांपैकी गूळ, तेल, तांदूळ व चहा एवढेच विकत घ्यावे लागले. भांड्यांत तवा, काठवट, दोन पातेली, घागर व पोहरा. भाकरी पहिल्या दिवसापुरत्या घरूनच भाजून न्याव्यात. स्त्रियांस मुक्कामी पोहोचताच चुलीपुढे बसविणे हा हवापालट नव्हे. दुसऱ्या दिवसाचा स्वयंपाक पुरुषांनी करावा. आमच्या भाकरी नकाशासारख्या झाल्या, तरी कोणी उपाशी निजले नाही.

निवाऱ्यास ताडपत्री दोन, वासे चार, चऱ्हाट, लोखंडी मेखा. निजावयास बाजा दोन आणि बाकीच्यांस जाड ताडपत्रीवर सतरंज्या. सर्वांस पुरतील अशा मच्छरदाण्या. विजेऱ्या दोन व त्यांचे जास्तीचे सेल. कुदळ, फावडे, कोयता. आणि तळ्याकाठी जाणाऱ्याने कधीही न विसरावयाचे म्हणजे ट्रॅक्टरच्या चाकाची फुगविलेली एक ट्यूब आणि तीस हात दोर.

पाणी, अग्नी व रात्र

पिण्यास व स्वयंपाकास दर माणशी रोज पाच लिटर पाणी धरावे आणि शक्य तर ते घरच्या आडाचे न्यावे. तळ्याचे पाणी प्यावयाची वेळ आली तर चौपदरी फडक्याने गाळून खळखळ उकळावे. पूर्वी आपल्या विहिरी-बारवांवर नारूने किती माणसे पांगळी केली हे म्हाताऱ्यांस विचारावे. पाणी गाळून पिण्याने आणि बारवांत पाय घालणे थांबल्याने तो रोग हटला आणि २००० साली हिंदुस्थान नारूमुक्त ठरला. गाळण्याने नारू टळतो, पण जुलाब व कावीळ यांचे जंतू उकळल्यावाचून मरत नाहीत.

शौचाची जागा पाण्यापासून निदान शंभर फूट दूर व उताराच्या विरुद्ध बाजूस नेमावी. स्त्रियांसाठी खड्डा खणून भोवती ताडपत्रीचा आडोसा करावा, आणि हे काम गाडी सोडताच, चहापूर्वी करावे. आमच्या घरच्या मंडळींनी दुसऱ्या मुक्कामाची तारीफ केली ती पाखरांमुळे नव्हे, या आडोशामुळे.

चूल निवाऱ्याच्या पश्चिमेस, म्हणजे वाऱ्याच्या खालच्या बाजूस, हातभर खोल खड्ड्यात मांडावी. कडबा पूर्वेस व दूर ठेवावा. निजण्यापूर्वी विस्तवावर पाणी ओतून माती लोटावी.

साप हा मोठा प्रश्न. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे आपल्याकडील चार प्रमुख विषारी साप. त्यांपैकी मण्यार रात्री हिंडते. भुईवर निजलेल्यास तिचा दंश पुष्कळदा झोपेत कळतही नाही. म्हणून बाज, आणि मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली दाबलेल्या, हा नियम मोडू नये. धान्य उघडे पडले की उंदीर येतात, व उंदरामागे साप. दंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, दोरीने आवळू नये, मांत्रिकाकडे नेऊ नये. तो अवयव हालू न देता रोग्यास तडक सरकारी रुग्णालयात न्यावे. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. जेथे उतरणार तेथून दूरध्वनी लागतो की नाही, हे आधीच पाहून ठेवावे.

पाण्याविषयीचे नियम आम्ही त्या पहिल्या फेरीनंतर घालून घेतले ते असे. मोठ्या माणसाने वेळूने चाचपून, खुंट्या रोवून, दोर बांधलेल्या हद्दीबाहेर मुलांनी जावयाचे नाही. मुले पाण्यात असताना एक मनुष्य काठावर केवळ पाहण्यास नेमलेला असावा, आणि त्याने हातात दुसरे काही घेऊ नये. कोणी बुडू लागल्यास मागोमाग उडी घालू नये. ट्यूब, दोर, काठी, धोतर, जे हाती लागेल ते फेकावे. बाहेर काढलेल्यास उलटे टांगून अथवा पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्यावा व छाती दाबीत राहावे, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नये. ही क्रिया आरोग्यसेवकांकडून आधी शिकून घेतलेली बरी.

शेजारधर्म

पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीत गाळपेर करणारे पुष्कळदा तेच लोक असतात, ज्यांच्या जमिनी त्या तळ्याखाली गेल्या. आपल्याला जे रिकामे मैदान वाटते ते त्यांचे हरभऱ्याचे वाफे असतात. तेथून गाडी घालू नये, बैल सोडू नये. भोयांची जाळी ओलांडू नयेत. मासळी हवी तर त्यांच्याकडून रोख मोलाने घ्यावी. साबण पाण्यात लावू नये, कारण त्याच तळ्याचे पाणी खालच्या गावाच्या नळाला जाते. परतताना जागा अशी दिसावी की, चुलीची राख पुरल्यावर तेथे कोणी उतरले होते हे कळू नये.

पाहुण्यांसाठी खोपी बांधाव्यात काय?

ज्यांचे शेत तळ्याला लागून आहे असे काही कृषिबंधू आम्हांस विचारतात की, दोन-तीन खोल्या बांधून शहरच्या मंडळींस उतरू द्यावे काय? २०२० साली शासनाने कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केले असून, त्याप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंद करता येते. आमचे मत असे की, हा धंदा वाईट नाही, पण तो शेतीस पूरक आहे, शेतीचा पर्याय नव्हे. आपल्या भागात दर काही वर्षांनी तळी तळाशी जातात. २०१३ व २०१६ हे उन्हाळे कोण विसरेल? पाण्यासाठी येणारा पाहुणा पाण्याबरोबरच जातो. म्हणून कर्ज काढून पक्क्या खोल्या बांधण्याऐवजी पहिली दोन वर्षे ताडपत्री, बाजा, एक स्वच्छ शौचकूप आणि घरचे जेवण एवढ्यावर चालवून पाहावे. बांधकाम स्वतःच्या सातबाऱ्यावरील जमिनीतच, भराव पातळीच्या वर असावे. आणि ज्याच्या घरातील स्त्रियांवर रोज परक्या दहा माणसांच्या भाकरी पडतील, त्याने आधी त्यांना विचारावे, मग पाहुण्यांना बोलवावे.

दुसरी फेरी

पुढील वर्षाच्या उन्हाळ्यात तलाव आटला, तेव्हा आम्ही चार घरांनी मिळून यंत्र लावले आणि त्या खड्ड्यांच्या कडा लोटून उतरत्या केल्या. दीड दिवस लागला. पाऊस बरा झाला, आणि वेळ अमावस्येची पूजा उरकून आम्ही तिसऱ्या प्रहरी पुन्हा त्याच तलावावर गेलो. या वेळी वर, टेकाडाच्या आडोशाला. तोच मुलगा बरोबर होता. पहिल्या दिवशी तो पाण्याजवळ गेला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने खुंट्यांच्या हद्दीत पाय बुडविले, आणि कोणी त्याला आग्रह केला नाही. ते भोई गृहस्थ जेवावयास आले होते.

मातोश्री बहुतेक वेळ बांधावर बसून होत्या. बांधाच्या कोणत्या तुकड्यावर कोणत्या गावच्या बायका होत्या, पाट्या मोजणारा मुकादम कोठे उभा राही, कोणाचे लेकरू कोणत्या बाभळीखाली झोळीत टांगलेले असे, हे त्यांनी सुनांना व नातवंडांना दाखविले. दुसऱ्या रात्री निजताना त्यांनी एवढेच विचारले, “पुढल्या साली किती रात्री?”

आम्ही तीन सांगितल्या आहेत. कडबा तेवढा अधिक घ्यावा लागेल.